कॉल बरोबर बत्तिसाव्या सेकंदाला कटतो: सिप, ॲस्टेरिस्क आणि ऑफिसचे फोन

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

सांगलीतल्या एका पंपाच्या सुट्या भागांच्या घाऊक दुकानाचं सॉफ्टवेअर मी गेली सहा वर्षं सांभाळतोय. मागच्या वर्षी त्यांनी जुना ईपीएबीएक्स (ऑफिसचं छोटं टेलिफोन एक्स्चेंज) काढून टाकला आणि फोन इंटरनेटवर घेतले. सांगली, कोल्हापूर आणि सोलापूर मिळून अठ्ठावीस एक्स्टेन्शन, मागच्या खोलीत एका लिनक्स मशीनवर ॲस्टेरिस्क, म्हणजे एक्स्चेंजचं काम करणारं सॉफ्टवेअर, आणि परवानाधारक कंपनीची दहा चॅनेलची सिप ट्रंक, म्हणजे इंटरनेटवरून येणारी फोनची मुख्य लाइन. सिप म्हणजे कॉल लावण्या-तोडण्याचे निरोप पाठवायची पद्धत. मालकांची मागणी साधी होती. शेतकऱ्याचा फोन वाजला की उचलायच्या आत त्याचं नाव, मागची खरेदी आणि उधारी काउंटरच्या पडद्यावर दिसावी, आणि मागच्या वेळी ज्या मुलाने माल दिला त्याच्याकडेच शक्यतो फोन जावा.

मी लगेच कोड लिहायला बसलो. पंधरा दिवसांत पडदा तयार झाला. सोमवारी सकाळी चालू केलं आणि बाहेरून येणारा प्रत्येक फोन अर्ध्या मिनिटात कटायला लागला. आवाज स्वच्छ, दोन्हीकडून ऐकू येतोय, समोरचा माणूस फूटव्हॉल्व्हचं माप सांगतोय आणि मध्येच लाइन बंद. आतल्या आत केलेले कॉल मात्र तासभर चालायचे. दोन दिवस मी माझ्याच प्रोग्रामात चूक शोधत होतो. राऊटर बदलला, केबल बदलली. शेवटी मोबाइलवर स्टॉपवॉच लावून सात कॉल मोजले. सगळे बत्तीस सेकंदांवर कटले. एकतीसवर नाही, तेहेतीसवर नाही.

आकडा इतका नेमका असेल तर ती लाइनची कुरबुर नसते, कुठेतरी लिहून ठेवलेला नियम असतो. सर्व्हरवर एसएनग्रेप लावलं. ज्यांनी हे साधन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: काळ्या पडद्यावर दोन उभ्या रेषा असतात, एक आपली आणि एक कंपनीची, आणि त्यांच्यामध्ये प्रत्येक निरोपाचा बाण दिसतो. कंपनीकडून ‘इन्व्हाइट’ आला. आमच्याकडून ‘१०० ट्राइंग’, मग ‘१८० रिंगिंग’ गेलं. मुलाने फोन उचलला, ‘२०० ओके’ गेलं. आता पलीकडून ‘ॲक’ यायला हवा होता, म्हणजे ‘तुझं ओके पोचलं’ एवढीच पोच. ती आलीच नाही. मग आमच्या सर्व्हरने अर्ध्या सेकंदाने तेच ‘२०० ओके’ पुन्हा पाठवलं, मग एका सेकंदाने, मग दोन, मग चार, आणि पुढे दर चार सेकंदांनी. मी बाण मोजले: पहिला धरून अकरा. त्यानंतर सर्व्हरने आशा सोडली आणि स्वतःच ‘बाय’ पाठवून कॉल तोडला.

सिपचा मुख्य दस्तऐवज म्हणजे जून २००२ चा आरएफसी ३२६१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा जाहीर कागद). त्यात टी-वन नावाचा अर्ध्या सेकंदाचा काळ धरलेला आहे आणि पोच येण्याची वाट त्याच्या चौसष्ट पटींपर्यंत पाहायची असते. चौसष्ट अर्धे बत्तीस. आमचा कॉल नियमाने तुटत होता.

पोच का येत नव्हती, तेही त्याच पडद्यावर होतं. आमच्या ‘२०० ओके’मध्ये ‘कॉन्टॅक्ट’ नावाची एक ओळ असते: यापुढे मला या पत्त्यावर निरोप पाठवा. तिथे ॲस्टेरिस्कने १९२.१६८ ने सुरू होणारा दुकानाच्या आतला पत्ता लिहिला होता. हा पत्ता म्हणजे वाड्यातल्या खोलीचा नंबर. बाहेरच्या पोस्टमनला त्याचा काय उपयोग? कंपनी पोच पाठवत होती, ती वाटेतच विरत होती. आवाज मात्र चालू होता, कारण आवाजाची पॅकेट आरटीपीने वेगळ्या पोर्टवरून जातात, आणि कंपनीचं यंत्र लिहिलेल्या पत्त्यावर न विसंबता जिथून आवाज येतोय तिथेच उलट पाठवत होतं.

उपाय तीन ओळींचा निघाला. पीजेसिप म्हणजे ॲस्टेरिस्कमधला सिप सांभाळणारा भाग, त्याच्या ट्रान्सपोर्टमध्ये सिग्नलिंगचा बाहेरचा पत्ता, आवाजाचा बाहेरचा पत्ता आणि घरचं नेटवर्क कोणतं, एवढं लिहिलं. शिवाय राऊटरमधलं ‘सिप एएलजी’ बंद केलं. ही सोय मदतीसाठी दिलेली असते, पण ती निरोपातले पत्ते परस्पर बदलते आणि बहुतेक वेळा अर्धेच बदलते.

धागा काढण्याचं कारण हेच. बिझनेस फोनवर काम करणारे आपल्यातले बरेच जण माझ्यासारखेच वेब प्रोग्रामिंगमधून आलेत. आपण आधी एपीआय, म्हणजे प्रोग्रामने आज्ञा द्यायची सोय, उघडतो. माझं आता ठाम मत झालंय की आधी चार दिवस फक्त हे बाण वाचावेत. कॉल लागतो कसा, उचलला जातो कसा, तुटतो कसा हे डोळ्यांनी पाहावं, आणि मगच कोडला हात घालावा. तुमचे अनुभव लिहा. कुणी काय वापरतं आणि कुठे अडकलं, सगळं चालेल.

आप्पा_एक्स्चेंज

कृष्णाकाठ, फार चांगलं लिहिलंत. मी तेहेतीस वर्षं एक्स्चेंजमध्ये काढली, निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. निरोप आणि आवाज दोन वेगळ्या वाटांनी जातात हे वाचून काही जुनं सांगावंसं वाटलं.

सिग्नल आणि आवाज वेगळे ठेवायचे ही कल्पना इंटरनेटवाल्यांची नाही. आधी दोन्ही एकाच तारेवर, एकाच आवाजाच्या पट्ट्यात जायचे. अमेरिकेत २६०० हर्ट्झची शिट्टी वाजवून लोकांनी फुकट ट्रंक कॉल केले, कारण यंत्राला आज्ञा आणि आवाज यांतला फरक कळत नव्हता. पुढे सिग्नलिंगला स्वतंत्र वाट दिली गेली. तुमच्या दुकानात पूर्वी पीआरआय, म्हणजे कंपनीकडून येणारी डिजिटल फोनलाइन, असेल तर ती ई-वन लाइन असते: २.०४८ मेगाबिटची, बत्तीस कप्प्यांची. शून्य नंबरचा कप्पा ताल धरायला, सोळावा सिग्नलिंगला आणि उरलेले तीस आवाजाला. वाटा दोन, पण वायर एकच. वायर तुटली तर दोन्ही गेलं, वायर असली तर दोन्ही आहे. म्हणून ‘आवाज येतोय पण कॉल तुटतोय’ हा प्रकार आम्ही क्वचितच पाहिला.

सोळाव्या कप्प्यातून क्यू.९३१ चे निरोप जायचे: ‘सेटअप’, ‘अलर्टिंग’, ‘कनेक्ट’. तुमचे ‘इन्व्हाइट’, ‘१८०’ आणि ‘२०० ओके’ हेच तिघे, कपडे बदललेले. १९९६ मध्ये आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने एच.३२३ ही नेटवर्कवरून कॉल करायची पद्धत आणली तेव्हा त्यात हेच क्यू.९३१ जवळजवळ तसंच उचललं होतं, म्हणून आम्हा टेलिफोनवाल्यांना ते घरचं वाटलं. मायक्रोसॉफ्टचं नेटमीटिंग त्याच्यावरच चालायचं. पण त्याचे निरोप बायनरीत बांधलेले असत. डिकोडरशिवाय एक अक्षर वाचता येत नसे. शिवाय कॉल जोडायला १७२० पोर्टवर एक टीसीपी जोडणी, मग एच.२४५ ची दुसरी, मग कोडेकवर, म्हणजे आवाज कसा बांधून पाठवायचा यावर, वाटाघाटी. गेटकीपरशी, म्हणजे नंबरचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरशी, बोलायचं ते आणखी निराळं. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘फास्ट कनेक्ट’ ही झटपट जोडणी आली, पण तोवर सिप उंबऱ्यावर आलं होतं.

सिपचा पहिला आरएफसी, २५४३, मार्च १९९९ चा. कोलंबिया विद्यापीठाचे हेनिंग शुल्झरिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो वेबच्या एचटीटीपीसारखा साध्या मजकुरात बेतला. मला आठवतं, पहिल्यांदा कागदावर छापलेला ‘इन्व्हाइट’ हातात आला तेव्हा मी तो पत्रासारखा वाचला. कोणाकडून, कोणाला, कुठल्या मार्गाने, सगळं सरळ लिहिलेलं. माझ्या मते सिप जिंकलं ते याच गुणावर. बिघाड झाला की माणसाला वाचता येतो. आज तुमच्या मोबाइलवरचा व्हीओएलटीई कॉलसुद्धा आत सिपच बोलतो.

नीलिमा

आप्पा, कप्प्यांचं इतकं सोपं करून कुणी सांगितलंच नव्हतं. 🙏

मी नाशिकला शेतीसल्ला देणाऱ्या एका संस्थेसाठी काम करते. शेतकरी मिस्ड कॉल देतात, आमचे कृषी पदवीधर त्यांना उलट फोन करतात. येणारे कॉल अजून जुन्या पीआरआयवर आहेत, फक्त जाणारे सिप ट्रंकवर घेतलेत. आमच्याकडे बत्तीस सेकंदांचा त्रास नाही. पण लांब चाललेले कॉल पंधरा मिनिटांच्या थोडं पुढे गेले की कटतात. द्राक्षावर डाऊनी (बुरशीचा रोग) पडलेला माणूस पानांचं वर्णन करत असतो, औषधाचं प्रमाण सांगायची वेळ येते आणि लाइन जाते. पुन्हा फोन करावा तर तो बागेत गेलेला असतो. ट्रंक देणारी कंपनी म्हणते बिघाड तुमच्याकडे आहे. कुठून सुरुवात करू?

दुसरा प्रश्न: ॲस्टेरिस्कशी प्रोग्राम जोडायची एजीआय, एएमआय, एआरआय अशी तीन नावं वाचून गोंधळ उडालाय. पडद्यावर माहिती दाखवायला कृष्णाकाठ यांनी यातलं काय वापरलं?

कृष्णाकाठ

नीलिमाताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचं.

एजीआय सर्वांत जुनं. कॉल डायलप्लॅनमध्ये (कुठला कॉल कुठे जावा याच्या सूचनांत) एका जागी पोचला की ॲस्टेरिस्क तुमचा प्रोग्राम चालवतं, त्याला कॉलची माहिती देतं आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे वागतं. जुन्या वेब सर्व्हरवरच्या सीजीआयसारखं. एक कॉल, एक प्रोग्राम. शिकायला सोपं, पण प्रत्येक कॉलला नवी प्रोसेस उठते. ती नको असेल तर फास्टएजीआय आहे, त्यात तुमचा प्रोग्राम आधीच जागा असतो आणि ॲस्टेरिस्क त्याला नेटवर्कवरून गाठतं.

एएमआय म्हणजे पोर्ट ५०३८ वरची खिडकी. सगळ्या एक्स्चेंजमध्ये काय चाललंय ते तिथून ओळीओळीने वाहत येतं: अमुक फोन वाजतोय, तमुकने उचलला, रांगेत तिघे आहेत. तिथूनच आज्ञाही देता येतात, क्लिक करून फोन लावणं वगैरे. नुसता पडदा दाखवायचा असेल तर एएमआय पुरतं. मी तेच वापरलं.

एआरआय २०१३ मध्ये बाराव्या आवृत्तीबरोबर आलं. त्यात कॉलचा ताबाच तुमच्या प्रोग्रामकडे येतो. ॲस्टेरिस्क फक्त आवाज आणि सिग्नलिंग सांभाळतं, कोणाला कोणाशी जोडायचं ते तुम्ही एचटीटीपीने सांगायचं, आणि घडामोडी वेबसॉकेट या सतत उघड्या जोडणीवर येतात. ताकद मोठी, जबाबदारीही तेवढीच. तुमचा प्रोग्राम अडखळला तर ग्राहकाच्या कानात शांतता.

ही शांतता मी अनुभवली आहे. ‘मागच्या वेळचा विक्रेता कोण’ हे डेटाबेसला विचारून कॉल वळवायचा होता. महिनाअखेरीला हिशेबाचा मोठा अहवाल चालू असताना डेटाबेस नऊ सेकंद गप्प बसला. फोन करणाऱ्याला रिंगही ऐकू येईना, त्याने ठेवून दिला. आता माझा नियम: दोन सेकंदांत उत्तर आलं नाही तर कॉल सरळ काउंटरच्या रांगेत. नाव नंतर दिसलं तरी चालेल, घंटा आधी वाजली पाहिजे.

आणि एक बारकी गोष्ट, जिच्यात माझे दोन दिवस गेले. फोन करणाऱ्याचा नंबर कधी अधिक एक्क्याण्णव लावून येतो, कधी सुरुवातीला शून्य लागून, कधी नुसता दहा आकडी. आमच्या खातेवहीत तो कुणी मध्ये जागा सोडून लिहिलेला, कुणी आडवी रेघ मारून. जुळणार कसा? आता दोन्हीकडचे सगळे आकडे गोळा करून शेवटचे दहा तेवढे ताडून बघतो. लँडलाइनसुद्धा एसटीडी कोड धरून दहाच आकडी होते, त्यामुळे तीही बसते.

पंधरा मिनिटांच्या प्रश्नासाठी एका लांब कॉलचं कॅप्चर घ्या. आणि ‘थोडं पुढे’ म्हणजे नेमकं किती, ते स्टॉपवॉचने मोजा.

बर्लिनकर

इथे बर्लिनमध्ये मी टेलिकॉम सॉफ्टवेअरवर काम करतो, म्हणून थोडी भर.

साधन निवडताना एक प्रश्न आधी विचारावा: मला फक्त निरोप वाटेला लावायचेत, की कॉल हातात धरायचाय? ॲस्टेरिस्क कॉल हातात धरतं. तुमच्या ग्राहकाचा एक कॉल त्याच्याशी, आणि ॲस्टेरिस्कचा दुसरा कॉल दुकानातल्या मुलाच्या फोनशी, मध्ये शिवण. म्हणून ते रेकॉर्ड करू शकतं, होल्डवर गाणं लावू शकतं, बटण ऐकू शकतं. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामात हे सुरू केलं, तेव्हा त्यांना स्वतःच्या छोट्या लिनक्स-मदत कंपनीसाठी फोनयंत्र हवं होतं. फ्रीस्विचही याच जातीचं. अँथनी मिनेसेल आधी ॲस्टेरिस्कवरच काम करायचे, मग २००६ मध्ये त्यांनी वेगळी मांडणी केली. त्याचं इव्हेंट सॉकेट, म्हणजे एएमआयसारखीच खिडकी, पोर्ट ८०२१ वर असतं आणि मोठ्या कॉन्फरन्सला मला ते जास्त भरवशाचं वाटतं.

दुसरी जात कामाइलियो आणि ओपनसिप्सची. हे नुसते पोस्टमन. आवाजाला हात लावत नाहीत, म्हणून एका साध्या मशीनवर प्रचंड संख्येने निरोप हाताळतात. दोघांचं मूळ इथलंच, बर्लिनच्या फ्राउनहोफर फोकस संस्थेतलं एसईआर हे सॉफ्टवेअर. त्यातून २००५ मध्ये ओपनएसईआर निघालं आणि २००८ मध्ये त्याच्या कामाइलियो आणि ओपनसिप्स अशा दोन शाखा झाल्या. अठ्ठावीस एक्स्टेन्शनना याची गरज अजिबात नाही. पण चार शहरांत चार ॲस्टेरिस्क झाले आणि एक बंद पडला तर कॉल दुसऱ्याकडे वळावा असं वाटू लागलं, की दाराशी कामाइलियो बसवा.

आणि तुमचं ॲस्टेरिस्क जुनं असेल तर तपासून घ्या. सिप सांभाळणारा जुना भाग, चॅन-सिप, २०२३ च्या एकविसाव्या आवृत्तीतून काढून टाकला आहे. इंटरनेटवरची निम्मी उदाहरणं अजून त्याचीच आहेत. नव्याने शिकणाऱ्याने थेट पीजेसिपच शिकावं.

रानवारा

मी एका पतसंस्थेसाठी फोनवर शिल्लक सांगणारी सोय केली. सभासदाने फोन करायचा, खातेक्रमांक दाबायचा आणि मराठीत शिल्लक ऐकायची. यात सिग्नलिंगपेक्षा मराठीनेच माझी जास्त परीक्षा घेतली, म्हणून सविस्तर लिहितो.

इंग्रजीत आकडे बोलायला थोड्या फाइली पुरतात. एक ते वीस, मग तीस, चाळीस अशा दहा-दहाच्या, आणि त्यांना मागून एक ते नऊ जोडायचे. मी तसंच मराठीत करायला गेलो. ‘वीस’ आणि ‘पाच’ जोडून काय होणार? पंचवीस होत नाही. मराठीत एक ते नव्व्याण्णव प्रत्येक आकड्याला स्वतःचं नाव आहे. सव्वीस, अठ्ठावीस, एकोणतीस, त्रेपन्न, एकोणसाठ. एकोणतीस म्हणजे तर तिसातून एक उणा, त्याच्या नावात पुढच्या दशकाचा आकडा ऐकू येतो. शेवटी नव्व्याण्णवच्या नव्व्याण्णव रेकॉर्ड केले. मग शून्य. मग शंभर वेगळं, कारण नुसते शंभर असतील तर ‘शंभर’ आणि वर पाच असतील तर ‘एकशे पाच’. मग एकशे ते नऊशे. मग हजार, लाख, कोटी. एकूण ११३ फाइली. एक लाख पंचवीस हजार तीनशे चाळीस म्हणायला यातल्या सहा एकापाठोपाठ वाजतात. हे बसवलं आणि मराठी आकडे किती नेटके आहेत ते मला नव्याने कळलं. आकडेवारी तीन-तीनने तोडणारा तयार कोड मात्र इथे कामाचा नाही. आपलं हजारानंतर दोन-दोनने चालतं.

आवाज आमच्या शाखेतल्या रोखपाल बाईंचा. आधी एका स्टुडिओत ध्वनिमुद्रण केलं होतं, पण गावातल्या म्हाताऱ्या सभासदांना तो आवाज परका वाटला, ते गोंधळून फोन ठेवायचे. बाईंनी बँक बंद झाल्यावर, पंखा बंद करून, दोन संध्याकाळी सगळे आकडे म्हटले. फाइली आठ किलोहर्ट्झ, मोनो, सोळा बिट. एक खबरदारी घ्यावी लागली. प्रत्येक आकडा वाक्याच्या मध्ये आल्यासारखा म्हणायचा, शेवटी आल्यासारखा आवाज खाली टाकायचा नाही. नाहीतर ‘तीनशे’ म्हणताच ऐकणाऱ्याला वाटतं संपलं, आणि पुढचे ‘चाळीस’ तो ऐकतच नाही.

बटणांचा त्रासही झाला. सभासद खातेक्रमांक दाबायचे आणि मधला एखादा आकडा दोनदा यायचा किंवा गळायचा. कारण असं, की बटणाचा टोन काही जागी आवाजातूनच येत होता आणि ट्रंक जी.७२९ कोडेकवर होती. हा कोडेक माणसाचा आवाज आठ किलोबिटमध्ये बसवण्यासाठी बनवलेला आहे, दोन सुरांचा तो टोन त्यात चेंगरतो. आरएफसी ४७३३ प्रमाणे बटणं वेगळ्या खुणेच्या पॅकेटमधून पाठवायला कंपनीला सांगितलं आणि आमच्याकडेही तेच ठरवलं. तेव्हापासून एकही खातेक्रमांक चुकलेला नाही. कोडेकही बदलून जी.७११ केला, ए-लॉ. एका कॉलला आयपी हेडर धरून एका दिशेला ऐंशी किलोबिट लागतात, जी.७२९ ला चोवीस. आजच्या फायबरवर ही बचत करून आवाज खराब करण्यात अर्थ नाही.

चिंच_बोरं

रानवारा, पोस्ट जतन करून ठेवली. आमच्या पुण्याच्या ऑफिसला हेच करायचंय.

मी सुरक्षेबद्दल लिहिते, कारण आमचं नुकसान झालंय. घरून काम करणाऱ्यांना सोय म्हणून आम्ही पोर्ट ५०६० सगळ्या जगाला उघडं ठेवलं होतं. एक्स्टेन्शन १०५, पासवर्डही १०५. शनिवारी रात्री कुणीतरी त्यातून शिरलं आणि पहाटेपर्यंत परदेशातल्या महागड्या नंबरांवर कॉल करत राहिलं. दोन महिन्यांचं बिल एका रात्रीत झालं आणि ते भरावंच लागलं, कारण कॉल आमच्याच ट्रंकवरून गेले होते. नंतर लॉग उघडले तर आठवडाभर दर मिनिटाला कुणी ना कुणी पासवर्ड चाचपत होतं.

आता परदेशी कॉल ट्रंकवरच बंद आहेत. ज्या दोघांना लागतात त्यांना कंपनीकडून मर्यादा घालून दिलेत. बाहेरचे फोन व्हीपीएनमधूनच येतात, ट्रंकसाठी फक्त कंपनीचा पत्ता फायरवॉलमध्ये मोकळा आहे, चुकीचे पासवर्ड देणाऱ्याला अडवणारं फेल-टू-बॅन चालू आहे आणि पासवर्ड मशीनने काढलेले वीस अक्षरांचे. एएमआयचं ५०३८ तर कधीच बाहेर उघडू नका. ते हाती लागलं तर अख्खं एक्स्चेंज हाती लागतं.

घरून काम करणाऱ्यांसाठी पुढे ब्राउझरमधला फोन करायचा विचार आहे. कुणी केलाय का?

बर्लिनकर

केलाय. ब्राउझरमधून थेट बोलण्याची सोय म्हणजे वेबआरटीसी. ते जानेवारी २०२१ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचं पक्कं मानक झालं, आणि त्यावर सिप वेबसॉकेटमधून चालवण्याची पद्धत आरएफसी ७११८ मध्ये आहे. जेएससिप किंवा सिप.जेएस हे तयार कोड घेतले की पानातच फोन तयार होतो. पण तीन गोष्टींशिवाय तो भरवशाने बोलणार नाही: खरं टीएलएस (सुरक्षित जोडणीचं) प्रमाणपत्र, आवाजाचं एन्क्रिप्शन आणि टर्न सर्व्हर, म्हणजे थेट वाट नसेल तेव्हा आवाज मधून पोचवणारा सर्व्हर. टर्न लोक गाळतात. मग बहुतेकांचं चालतं आणि एखाद्याचं चालत नाही, आणि तो एखादा नेमका कडक फायरवॉलच्या मागे असलेला मोठा ग्राहक असतो. मोबाइल ॲपचं मात्र वेगळं आहे. बॅटरी वाचवायला फोन ॲपला झोपवतो, त्यामुळे पुश सूचनेशिवाय रिंग वाजत नाही.

आप्पा_एक्स्चेंज

कायद्याचंही कुणीतरी सांगायला हवं, म्हणून लिहितो. १ एप्रिल २००२ ला आपल्याकडे इंटरनेट टेलिफोनी मर्यादित स्वरूपात खुली झाली, तेव्हा इंटरनेटचा कॉल देशातल्या साध्या फोनवर उतरवायला बंदी होती. कॉल सेंटरवाल्यांना एकाच ईपीएबीएक्समध्ये दोन्ही जाळी वेगळी ठेवावी लागत. ५ नोव्हेंबर २०२० आणि मग २३ जून २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी कॉल सेंटरची नोंदणी आणि बरीच बंधनं गेली. पण मूळ गोष्ट तशीच आहे: साध्या फोनच्या जाळ्यात शिरायचं तर परवानाधारक कंपनीच्या ट्रंकनेच. स्वस्त पडतात म्हणून परदेशी पुरवठादाराकडून आलेले कॉल सिमकार्डांच्या पेटीतून इथे उतरवणं गुन्हा आहे, त्यावर छापे पडतात. कुणी असली ‘स्कीम’ घेऊन आलं तर त्याला दारातूनच परत पाठवा. प्रचाराचे कॉल करणार असाल तर ट्रायची २०१८ ची नियमावलीही वाचा.

नीलिमा

मोजलं! चार कॉल, चारही १५ मिनिटं ३२ सेकंदांवर कटले. बत्तीस पुन्हा आले म्हणून अंगावर काटा आला.

कॅप्चरमध्ये आमच्या बाजूला मात्र काहीच दिसत नाही. सुरुवातीला ‘इन्व्हाइट’, ‘२०० ओके’, ‘ॲक’ सगळं व्यवस्थित. ‘२०० ओके’मध्ये एक ओळ आहे: सेशन-एक्स्पायर्स १८००, आणि ताजंतवानं करण्याचं काम कंपनीकडे. मग पंधरा मिनिटं पूर्ण शांतता आणि १५:३२ ला आवाज थांबतो. ‘बाय’सुद्धा येत नाही.

कृष्णाकाठ

ताई, ही तर दोन वाटांचीच गोष्ट आहे. १८०० सेकंद म्हणजे अर्धा तास. आरएफसी ४०२८ प्रमाणे निम्मा वेळ झाला की, म्हणजे ९०० सेकंदांना, कंपनी नवा ‘इन्व्हाइट’ पाठवून विचारते, ‘आहात ना?’ पण तुमच्या फायरवॉलने सिग्नलिंगची वाट केव्हाच बंद केली आहे. पंधरा मिनिटं त्या पोर्टवरून एकही पॅकेट गेलं नाही, आणि फायरवॉलमधली यूडीपीची (सिपचे निरोप ज्या पॅकेटमधून जातात त्यांची) नोंद तेवढा वेळ टिकत नाही. आवाजाची वाट दर सेकंदाला पन्नास पॅकेट जातात म्हणून जागी आहे. कंपनी बत्तीस सेकंद उत्तराची वाट पाहते आणि कॉल सोडते. तिचा ‘बाय’सुद्धा त्याच बंद दारावर आपटतो, म्हणून तुम्हाला दिसला नाही.

ट्रंकच्या नोंदीत क्वालिफाय-फ्रिक्वेन्सी ३० सेकंद करा. म्हणजे ॲस्टेरिस्क दर अर्ध्या मिनिटाला ‘ऑप्शन्स’ पाठवेल आणि ती वाट उघडी राहील. फायरवॉलमध्ये यूडीपीची मुदत वाढवता आली तर तीही वाढवा. पडताळायला फायरवॉलच्या बाहेरच्या बाजूने कॅप्चर घ्या, ९०० व्या सेकंदाचा ‘इन्व्हाइट’ तिथे आपटताना दिसेल.

नीलिमा

बाहेरच्या बाजूला दिसला. सात वेळा आला, एकदाही आत गेला नाही.

तीस सेकंद केलं आणि सर्व्हर पुन्हा लोड केला. निफाडच्या एका काकांचा कॉल चालू आहे, करप्याबद्दल बोलणं चाललंय. पडद्यावर बाण पाहत बसले आहे. १५:०० ला कंपनीचा ‘इन्व्हाइट’ आला, आमचं ‘२०० ओके’ गेलं, ‘ॲक’ आला. आत्ता २३ मिनिटं झालीत. काका पानं मोजतायत.